पाणी न पिणारा टॉवेल

थांबा, आधी हे ऐका. आत्ताच सांगायला लागणार, कारण अम्मानं बादलीत फिनेल ओतलंय आणि तिचा डोळा त्या टॉवेलवर आहे. मघाशी कुरिअरवाला येऊन गेला. पिशवी फाडली तर आत एकच टॉवेल. तपकिरी रंगाचा, मधोमध इतका विरलेला की उन्हात धरला तर पलीकडची तुळस दिसते. एका कोपऱ्याला भोक, दुसऱ्या कोपऱ्याला केस रंगवायच्या रंगाचे डाग. थेट पोलंडहून आलाय, माझ्या काकाकडून! अम्मा म्हणाली, "एवढ्या लांबून हे पोतेरं पाठवलं तुझ्या बाबायनं? डोकं फिरलंय का त्याचं?" आणि लगेच फरशी पुसायच्या कपड्यांत टाकायला निघाली. मी तिच्या हातातून ओढून घेतला आणि आता त्याच्यावर बसून टाइप करतेय. नायनांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अजून माहीत नाही. ते शेडमध्ये मागावर नवीन बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, चढवतायत आणि बीम जोडताना त्यांना हाक मारायची नाही हा आमच्या घरातला कायदा आहे. एकेक धागा गाठवायचा असतो, मध्येच उठलं की सगळं बिघडतं. म्हणजे माझ्याकडे तासभर आहे. तेवढ्यात सगळं सांगून टाकते. अंगठे दुखले तरी चालतील.

आधी घर सांगते, त्याशिवाय काही कळणार नाही. सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर. घर कसलं, पुढं कारखाना आणि मागं आम्ही. आठ माग होते, टॉवेलचे. स्वयंपाकघराची एक भिंत आणि शेडची एक भिंत एकच, त्यामुळं फडताळातली भांडी दिवसभर बारीक थरथरायची. स्टीलचे पेले तर सरकत सरकत कडेला यायचे आणि अम्मा येता-जाता त्यांना कोपरानं मागं ढकलायची. ते ढकलणं तिला कळायचंसुद्धा नाही. आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात. प्रेमानं बोलायचं तरी ओरडून. कॉलेजात मैत्रिणी म्हणायच्या, "अगं भांडतेस कशाला?" मी म्हणायची, "मी तर वही मागितली की." घरात बोलायचं तेलुगू, कारण खापरपणजोबा तिकडून आले होते, पोटासाठी, मागावर. पण दारातून पाऊल बाहेर पडलं की मराठी. इथं मी सगळं मराठीतच लिहिते, फक्त हाका तशाच ठेवते. नायना म्हणजे वडील. बाबाय म्हणजे काका, नायनांचा धाकटा भाऊ. तो नायनांना अन्ना म्हणतो आणि अम्माला वदिना, म्हणजे वहिनी. मी त्याची चिट्टी. मला शंभर वर्षं झाली तरी चिट्टीच राहणार.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट ही. मी एकोणीस वर्षांची होते, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि माझं एका जागी बूडच टिकायचं नाही. जेवताना उभी, अभ्यास करताना येरझाऱ्या. आज वाटतं, त्याला कारण होतं. आठांतले तीन माग तोवर भंगारात गेले होते आणि उरलेल्या पाचांतले कधी तीन चालायचे, कधी एक. आवाज कमी झाला की पेले सरकायचे बंद व्हायचे. जन्मल्यापासून ज्या आवाजात झोपलो, तो कमी झाला की माणूस सैरभैर होतं. अम्माचंही तेच. ती उगीच धुतलेली भांडी परत धुवायची. दुपारी कडक भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगाचटणी घेऊन बसलो की नायना घास हातात धरून भिंतीकडं बघत राहायचे, म्हणायचे, "चार नंबर थांबला वाटतं." चार नंबर चार दिवसांपासून थांबलेलाच असायचा.

आता आमचा टॉवेल. आमचा टॉवेल म्हणजे आहेराचा टॉवेल. लग्नात, वास्तुशांतीला, निवडून आलेल्याच्या सत्काराला टॉवेल-टोपी देतात, नारळ देतात, त्यातला. नायना तो असा करायचे की बघत राहावं. काठाला मोर, मोराच्या खाली तीन लाल धागे. ते तीन लाल धागे आमची खूण, आजोबांपासूनची. विणून झाला की चिंचोळी एमआयडीसीत धुलाईला जायचा आणि तिथं नायना स्वतः उभं राहून शेवटच्या पाण्यात सॉफ्टनर दुप्पट घालायला लावायचे. त्यानं टॉवेल लोण्यासारखा मऊ होतो आणि चकाकतो. मग घडी, घडीला सोनेरी रिबीन, वरून प्लास्टिकची पिशवी. दुकानदार आला की नायना पिशवीत दोन बोटं घालायला सांगायचे. "हात लावून बघा. फक्त हात लावून बघा." दुकानदार हात लावायचा आणि मान डोलवायचा. तीस वर्षांत एक तक्रार नाही. हे वाक्य आमच्या घरात देवाच्या नावासारखं रोज म्हटलं जायचं. एक तक्रार नाही! आणि आम्ही घरात अंग कशानं पुसायचो? पंचानं. पातळ, सुती, बाजारातून आणलेल्या पंचानं. टॉवेल विकायचा असतो, त्यानं अंग काय पुसायचं! मला हे कधी विचित्र वाटलं नाही. तुम्ही हसू नका, खरंच वाटलं नाही.

बाबायला मागावर बसायचा लहानपणापासून कंटाळा. तो पुण्याला गेला, एका एक्स्पोर्टच्या ऑफिसात कागदपत्रं टाइप करायला लागला आणि तिथून कुठून कसा तो पोलंडमधल्या वुच नावाच्या गावाला पोचला. कामाला लागला गोदामात, खोकी भरायला. पहिल्या फोनवर तो काय बोलला असेल? "अन्ना, इथं पण गिरण्यांच्या चिमण्या आहेत! लाल विटांच्या. बंद पडलेल्या. मला वाटलं मी परत सोलापुरात आलो." नायना म्हणाले, "मग एवढ्या लांब कशाला गेलास? इथं पण बंदच आहेत की." पण बाबाय खट्याळ माणूस, गप्प बसणारा नव्हे. गावाबाहेर कापडाचा मोठा ठोक बाजार होता. सुट्टीच्या दिवशी तो तिथं दोन पिशव्या टॉवेल घेऊन उभा राहायला लागला. टॉवेल दुसऱ्याच देशातले, दुसऱ्याच व्यापाऱ्याकडून घेतलेले. भाषा येत नव्हती. आधी आकडे शिकला, मग रंग, मग "थंडी फार आहे ना?" एवढं. तेवढ्यावर त्यानं दोन वर्षं काढली. मग त्याला कळलं की खरं गिऱ्हाईक म्हणजे केस कापणाऱ्या बायका. सलूनला रोज तीस-चाळीस टॉवेल लागतात, गडद रंगाचे, म्हणजे केसांचा रंग लागला तरी दिसत नाही. तो खांद्यावर पिशवी घेऊन बर्फातून एकेक सलून फिरला. ओरडून बोलायची सवय आमच्यासारखीच, त्यामुळं आधी बायका घाबरायच्या म्हणे, मग हसायच्या, मग टॉवेल घ्यायच्या. हळूहळू एक गाळा झाला, एक जुनी व्हॅन झाली, आणि त्याच्या डोक्यात एकच किडा: माल अन्नाकडचा पाहिजे. "दुसऱ्याचे टॉवेल विकतोय मी, चिट्टे. आपल्या घरात माग आहेत आणि मी दुसऱ्याचे विकतोय. लाज वाटते."

आणि एक दिवस फोन आला. बार्बरा नावाच्या बाईची नऊ सलून आहेत, तिला वर्षभर टॉवेल पाहिजेत, ती आमचा नमुना बघायला तयार आहे. तिकडं बाईंना मानानं पानी म्हणतात. अम्मानं विचारलं, "पाणी बार्बरा? असलं कसलं नाव?" आणि आठ दिवस हसत होती. घरात एकदम वारं शिरलं. नायनांनी तपकिरी सूत रंगवून आणलं, मारुतीमामांना बोलावलं. मारुतीमामा वैरागचे, आमच्याकडे वीस वर्षं मागावर, नायनांचा उजवा हात. दोघांनी मिळून बारा टॉवेल काढले. मोर, लाल धागे, दुप्पट नाही तर तिप्पट सॉफ्टनर. नायनांनी प्रत्येक टॉवेल गालाला लावून बघितला. रिबीन लावली. अम्मानं पार्सलात शेंगाचटणीचे दोन डबे कोंबले. पार्सल गेलं आणि मी वेडी झाले. फोनवर सारखं बघायची, आता मुंबईत, आता विमानात, आता जर्मनीत. लेक्चरमध्ये बघायची, चालता चालता बघायची, एकदा बघता बघता गटारात पाय गेला.

पोचलं. बाबायचा व्हिडिओ कॉल आला, आमची दुपार टळलेली. आम्ही सगळे फोनभोवती. मारुतीमामा पण हात पुसत आले. बाबाय हसत नव्हता. त्याच्या शेजारी टेबलावर आमचा टॉवेल पसरलेला, इतका सुंदर दिसत होता! तो म्हणाला, "अन्ना, रागावू नको. बार्बराबाईंनी हे केलं, मी तेच करून दाखवतो." आणि त्यानं पेल्यातलं पाणी टॉवेलवर ओतलं. पाणी आत गेलं नाही. खरं सांगते, अळूच्या पानावरून ओघळतं तसं ते मोरावरून ओघळलं, लाल धाग्यांवरून घरंगळलं आणि टेबलाखाली गेलं. टॉवेल कोरडाच्या कोरडा.

नायना म्हणाले, "तिनं हात लावून बघितला का?"

"लावला. छान आहे म्हणाली. भिंतीला लावते म्हणाली."

"चार धुण्यांनंतर सॉफ्टनर उतरला की पाणी पितो तो!"

"अन्ना, ती चार धुणी कोण धुणार? तू येणार का इथं?"

"तीस वर्षांत एक तक्रार नाही माझ्या मालाची. त्या बाईला टॉवेल कळत नाही."

"तिला टॉवेलच कळतो अन्ना, दिवसाला चाळीस वापरते ती! तिनं तीन आठवडे दिलेत. तीन आठवड्यांत पाणी पिणारा नमुना आला तर घेईन, नाही तर जुन्या माणसाकडंच जाईन, असं म्हणाली. आणि मी काय सांगू तुला, ही गेली की मी परत दुसऱ्याचेच टॉवेल विकत बसणार. मग आयुष्यभर तेच."

नायनांनी फोन माझ्या हातात दिला आणि उठून गेले. त्यांनी त्या दिवसापासून बाबायशी बोलणंच सोडलं. बाबायचा फोन रोज यायचा, माझ्याकडे. "काम चालू झालं का?" शेडमध्ये काहीच चालू नव्हतं. नायना मोराचेच टॉवेल विणत होते, लग्नसराईचे, एका मागावर. आणि मी काय करावं? मी म्हणाले, "हो, चालू झालंय." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सूत बदललंय." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "छान येतोय." कशी बोलून गेले मला माहीत नाही. तोंडातून निघालं आणि मग थांबताच येईना. पहिला आठवडा असाच गेला. मी रात्रंदिवस पाय हलवत बसायची. नायनांना सांगायला जायची आणि दारातून परत यायची. एकदा हिंमत करून म्हटलं, "नायना, एकदा बघायचं का, सॉफ्टनर न घालता?" ते म्हणाले, "उद्या म्हणशील रिबीन पण नको." झालं, विषय संपला.

आणि मग मारुतीमामांच्या पोरीचं लग्न आलं, वैरागला. आम्ही तिघं एसटीनं गेलो. मांडवात नायनांचा मान मोठा. मालक ना! माइकवरून नाव पुकारलं, "सोलापूरहून आलेले..." आणि मारुतीमामांच्या थोरल्या भावानं नायनांना खुर्चीवर बसवून टोपी घातली, नारळ दिला आणि हातात टॉवेल ठेवला. टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत, सोनेरी रिबीन. मी लांबून बघत होते. नायनांनी तो बघितला आणि त्यांचा चेहरा कसातरी झाला. मोर. खाली तीन लाल धागे. आमचाच! निळा. आणि निळ्या रंगाचा मोर नायनांनी चार वर्षांपूर्वीच बंद केला होता.

जेवणाच्या पंगतीत मी पिशवी उघडली. आत चिठ्ठ्या होत्या. आहेर कुणाचा आला ते लक्षात राहावं म्हणून लोक पिशवीत नावाची चिठ्ठी टाकतात ना, तशा. एक नाही, पाच. बार्शीचे मेव्हणे. सरपंच. श्रीपूरची मावशी. कुणीतरी नुसतंच "तात्या". आणि सगळ्यात खालची, पिवळी पडलेली, आमच्याच एका दुकानदाराची. म्हणजे हा टॉवेल चार वर्षं एका मांडवातून दुसऱ्या मांडवात फिरला होता, आणि रिबीनसुद्धा सुटली नव्हती. अम्माला हसू आवरेना, पदर तोंडात. तेवढ्यात मारुतीमामा जिलबी वाढायला आले.

नायना म्हणाले, "मारुती, हा टॉवेल तुझ्या घरी कधीचा?"

"लई दिस झालं मालक. ट्रंकेतच हुता."

"वापरला का नाही?"

मारुतीमामांनी असं बघितलं की जणू नायनांनी टोपीनं नाक पुसायला सांगितलं. "टावेल कोण वापरतंय व्हय मालक? मानाचा असतोय त्यो. आला की ठिवायचा, कुनाला द्यायचं आलं की द्यायचा. आमच्या ट्रंकेत अजून सात हायती. घ्या की, जिलबी घ्या."

परतीच्या एसटीत नायना खिडकीशी बसले होते, मांडीवर तो निळा टॉवेल. मी शेजारी. मला कळलं होतं आणि त्यांनाही कळलं होतं, पण बोलायचं कुणी? तीस वर्षांत एक तक्रार नाही. कशी येणार तक्रार! हजारो टॉवेल, आणि कुणी एकानंसुद्धा उघडून अंग पुसलं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही. बार्बराबाई ही आमची पहिली गिऱ्हाईक, जिनं टॉवेलला टॉवेल समजून हात लावला. मला एकदम इतकं वाईट वाटलं की मी बाबायला फोन करून सगळं कबूल करायला फोन काढला, पण गाडीच्या खडखडाटात रेंजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक काम केलं. घरातले सगळे पंचे गोळा केले, दोरीवरचे, खुंटीवरचे, ट्रंकेतला नवा कोरासुद्धा, आणि गच्चीवरच्या रिकाम्या टाकीत टाकले. न्हाणीघराच्या खुंटीवर तो निळा टॉवेल अडकवला, रिबीन काढून. नायना आंघोळीला गेले. पाण्याचा आवाज आला, थांबला, मग बराच वेळ काहीच नाही. मग हाक आली.

"पंचा कुठाय?"

अम्मा स्वयंपाकघरातून ओरडली, "खुंटीला!"

"खुंटीला पंचा नाही!"

अम्मा दोरीपाशी गेली, ट्रंकेपाशी गेली, मग माझ्याकडे बघितलं. मी पाय हलवत बसले होते. ती माझ्याकडे बघत बघतच ओरडली, "सगळे धुवायला टाकलेत! आहे त्यानं पुसा!"

मी मनात मोजत होते. शेवटी दार उघडलं. नायना बाहेर आले ते नखशिखांत ओले. बनियन अंगाला चिकटलेलं, केसांतून पाणी कानावर, कानावरून खांद्यावर. हातात तो टॉवेल, मऊ, चकचकीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता एक बसणार. ते म्हणाले, "नुसतं पसरवतो गं हा. इकडचं पाणी तिकडं करतो." आणि तसेच ओले, फरशीवर पावलं उमटवत शेडमध्ये गेले. थोड्या वेळानं तो एकटा माग, जो मोर विणत होता, तो थांबला. फडताळातले पेले गप्प झाले. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या शांततेला घाबरले नाही.

त्यानंतरचे दिवस विचारू नका. उरलेले दहा-अकरा दिवस. मारुतीमामा लग्नाची हळद निघायच्या आत वैरागहून परत आले. कमी पिळाचं सूत आणलं, टॉवेलवरचे वेटोळे जरा लांब ठेवले, मोर काढून टाकला. चिंचोळीतला धुलाईवाला म्हणाला, "सॉफ्टनर नको? अहो पोतं होईल त्याचं!" नायना म्हणाले, "होऊ दे पोतं. पाणी पिणारं पोतं पाहिजे." गरम पाण्यात दोन-दोनदा धुवून जो टॉवेल आला, तो दिसायला कसा? फिकट, फुगलेला, कोंबडीच्या ओल्या पिल्लासारखा. नायनांनी गालाला लावला आणि डोळे मिटून घेतले. "हे असलं तोंड घेऊन जायचं परदेशात?" पण मग आंघोळीला गेले. प्रत्येक नमुन्यावर आंघोळ! पेल्यातल्या पाण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. दिवस उन्हाळ्याचे, आमच्याकडे नळाला पाणी पाच दिवसांतून एकदा, आणि हा माणूस दिवसाला तीन आंघोळी करतोय! अम्मा टाकीत वाकून बघायची आणि ओरडायची, "पोलंडच्या बाईचे केस वाळायच्या आत माझं घर वाळवंट होईल!" नायना न्हाणीघरातून ओरडायचे, "पाठ राहिली! पाठीला अजून ओलं लागतंय!" पाचव्या नमुन्याला ते कोरडे ठणठणीत बाहेर आले. नुसता हात पुढं केला, मला दंड बघायला दिला. कोरडा. मग म्हणाले, "तीन लाल धागे ठेवलेत बरं का. त्याला त्या बाईची हरकत नसावी."

पार्सल गेलं. पोचायला तीन आठवड्यांवर चार दिवस जास्त झाले, तेवढे बाबायनं बाईंना थांबवून ठेवलं. त्या चार दिवसांत मी काय खाल्लं, आठवत नाही. मग व्हिडिओ कॉल. या वेळी बाबाय सलूनमध्ये उभा होता आणि खुर्चीजवळ एक उंच, पांढऱ्या केसांची बाई. तिनं एका मुलीचे धुतलेले केस आमच्या टॉवेलात गुंडाळले, पिळले, टॉवेल सोडला, हात लावला. मग आमच्याकडं, म्हणजे फोनकडं बघून काहीतरी म्हणाली. आम्ही सगळे बाबायच्या तोंडाकडे. अम्मा ओरडली, "अरे बोल की! काय म्हणाली?"

"म्हणाली, ते लाल धागे छान आहेत. आणि म्हणाली, एवढेच आणलेस का?"

नायना नुसतेच हसले. मग भाऊ भावाशी बोलले, साडेतीन आठवड्यांनी. फार काही नाही. "थंडी आहे का तिकडं?" "आहे अन्ना." "जेवतोस ना?" एवढंच. फोन माझ्याकडे आल्यावर मी कोपऱ्यात गेले आणि म्हटलं, "बाबाय, मी तुला खोटं सांगत होते. पहिला आठवडाभर काहीच चालू नव्हतं."

तो हसला. "माहीत आहे. तुझ्यामागं एकाच मागाचा आवाज येत होता चिट्टे. सहा नंबरचा, तो जरा लंगडतो. मी पण याच घरात वाढलोय की."

"मग बोलला का नाहीस?"

"तू तिकडं मला सांगत होतीस चालू आहे म्हणून, मी इकडं बाईंना सांगत होतो चालू आहे म्हणून. म्हटलं दोघं मिळून एवढं बोलतोय तर होईलच चालू कधीतरी."

आज मी त्याच्या धंद्याची इकडची बाजू बघते. कागदपत्रं, नमुने, बोटीच्या तारखा. मागच्या थंडीत दीड महिना वुचला जाऊनही आले, त्या चिमण्या बघितल्या, त्याच बाजारात त्याच्याबरोबर उभी राहून ओरडले. पुन्हा सहा माग झालेत, पेले सरकतात. पण अजून मला एखादी गोष्ट फार सुंदर दिसली की आधी तिच्यावर पाणी ओतून बघावंसं वाटतं. सवयच लागलीय.

आणि आज हा टॉवेल. पिशवीत बाबायची चिठ्ठी आहे: "पहिल्या खेपेतला. बार्बराबाई फेकून देत होत्या, मी मागून घेतला. सहा वर्षं रोज वापरला म्हणाल्या. अन्नाला दाखव."

थांबा, शेडचं दार वाजलं.

आले. मी टॉवेल पुढं केला. त्यांनी चष्मा वर केला, टॉवेल उन्हात धरला, भोकातून बोट घालून बघितलं. काठाला तीन लाल धागे अजून तसेच आहेत. चिठ्ठी वाचली. परत वाचली. मग म्हणाले, "फाडला की गं त्यांनी." आवाज असा, की जणू कुणी त्यांना भर मांडवात खुर्चीवर बसवून टोपी घातली. "आजोबांपासून विणतोय आपण. आपला टॉवेल फाटलेला मी पहिल्यांदा बघतोय."

अम्मा बादली घेऊन उभीच होती. "बघून झाला असेल तर द्या इकडं. फरशी राहिलीय."

नायनांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "फरशी उद्या पूस. मी आंघोळीला चाललोय."

"सकाळीच झालीय ना? पाणी परवा येणार आहे नळाला!"

ते गेलेसुद्धा. आत्ता मी पायरीवर आहे, न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येतोय आणि अम्मा दाराबाहेर उभी राहून ओरडतेय. आणि मला तुम्हाला विचारायचंय, खरंखरं सांगा हं: तुमच्याकडेही असं झालंय का, की आयुष्यभर दुसऱ्यांसाठी जे करत आलात ते स्वतः कधी वापरूनच बघितलं नाही? आणि मग एक दिवस बघितलं, तेव्हा कोरडे निघालात का ओले?